लेकीसाठी सात वार

"ताई, पोरगी काय करते सध्या?"

गेली सोळा वर्षं मी वाईच्या बाजारात पिग्मी गोळा करते. सकाळी दहाला पिशवी खांद्याला लावायची, किसनवीर चौकातून सुरुवात करायची, हळदीवाले, भुसारवाले, बांगडीवाल्या, चहाच्या टपऱ्या करत करत दुपारी एकला ढोल्या गणपतीच्या घाटावर हात धुवायचे. कुणी वीस रुपये देतं, कुणी पन्नास, कुणी दोनशे. मशीनवर पावती निघते आणि पावती निघेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात माणसं बोलतात. सोळा वर्षांत मी अशी किती अर्धी मिनिटं ऐकली असतील, गणपतीच जाणे!

तर परवा भुसारवाल्या काकांनी हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "मानसशास्त्रात एम. ए. केलं. आता पुढच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय."

"म्हंजे वेड्यांची डॉक्टर?"

"नाही हो काका. डॉक्टर वेगळे, ही वेगळी."

"बरं बरं. पण एवढं शिकायला पैसा कुठनं आणला?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात देण्यासारखं नाही. म्हणून आज इथे देतेय.

सुरुवात माझ्या थोरल्या जाऊबाईंपासून करायला हवी. त्यांनीच सांगितलंय, "लिही खुशाल, फक्त नाव घालू नकोस." आठव्या महिन्यात त्यांचं बाळ गेलं. त्यानंतर त्या हळूहळू बोलेनाशा झाल्या. स्वयंपाकात हात चालायचा, पण माणूस तिथे नसायचं. रात्री उठून घाटाकडे चालायला लागायच्या. आळीतल्या बायका म्हणाल्या, "बाहेरचं आहे." मग मांढरदेवला नेऊन आणलं. एकदा नाही, तीन-चार वर्षं. काळूबाईवर माझी श्रद्धा आहे, आजही आहे. पण देवीपुढे खेळणाऱ्या बायकांच्या गर्दीत जाऊबाई नुसत्या उभ्या असायच्या, डोळ्यांत पाणीसुद्धा नसायचं. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

शेवटी साताऱ्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. भले माणूस. म्हणाले, "गोळ्यांनी यांना झोप लागेल, मन जरा उचलेल. पण दर आठवड्याला तासभर यांच्याजवळ बसून बोलणारं शिकलेलं माणूस पाहिजे. त्यासाठी तुम्हाला पुण्याला जावं लागेल."

वाई ते पुणे पंच्याण्णवेक किलोमीटर. दोघींचं एसटीचं भाडं, तिथली फी, वर माझी दिवसभराची पिग्मी बुडणार. चार वेळा गेलो. पाचव्यांदा गेलो नाही.

त्या चार खेपांत डब्याची पिशवी धरून माझी लेक बरोबर असायची. तेव्हा ती नववीत होती. जाऊबाई आतल्या खोलीतून बाहेर यायच्या तेव्हा त्यांचा चेहरा थोडासा, अगदी थोडासा मोकळा झालेला असायचा. लेक ते बघायची. चौथ्या खेपेला स्वारगेटच्या स्टँडवर तिने विचारलं, "आई, त्या मॅडम काय शिकल्यात गं?"

झालं! बारावीला बरे मार्क पडले तरी कला शाखाच धरून बसली, बी. ए.ला मानसशास्त्र घेतलं. शेजारच्या बायका गमतीने विचारायच्या, "सांग बघू माझ्या मनात काय चाललंय!" ती म्हणायची, "मावशी, तुमच्या मनात चाललंय की हिला काही येत नाही." पण २०२३ साली बी. ए. झाली आणि म्हणाली, "मला पुण्याला विद्यापीठात एम. ए. करायचंय," तेव्हा मात्र घरात कुणी हसलं नाही.

आमची पिठाची गिरणी आहे. हे गिरणी बघतात, मी पिग्मी. खाऊन-पिऊन सुखी, पण शिल्लक बेताचीच. त्या रात्री वही घेऊन बसलो. तोवर माझी समजूत अशी की, शिक्षणाचा खर्च म्हणजे फी. पण विद्यापीठातली एम. ए.ची फी वर्षाकाठी भरून होईल अशी होती. खरा खर्च पुढेच होता. कॉट बेसिसवर खोली साडेचार हजार, मेस तीन हजार, बस, झेरॉक्स, मोबाइल मिळून हजार. महिन्याला साडेआठ हजार आणि असे चोवीस महिने! पुन्हा सुरुवातीचं डिपॉझिट आणि एक लॅपटॉप.

ह्यांनी चष्मा काढून ठेवला. "बी. एड. कर म्हणावं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारत सुटले. पिग्मीचा हा एक फायदा, कुणालाही काहीही विचारता येतं. शिष्यवृत्त्या खूप आहेत, पण प्रत्येकीला एक कुलूप आहे आणि किल्ली वेगवेगळ्या खिशात. हे सगळं मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर सांगते.

एम. ए.च्या पातळीवर पहिलं दार महाडीबीटी पोर्टलचं. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटके विमुक्त यांच्यासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिथेच. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तिथेच. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनाही तिथेच. मात्र आपला अभ्यासक्रम आणि आपलं घर त्यात बसतं का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्यायचं.

दुसरं दार केंद्राचं. २०२३-२४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदव्युत्तर शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू केली. महिना १५,००० रुपये, वर्षातले दहा महिने, दोन वर्षं. देशभरात दहा हजार जागा, त्यातल्या तीस टक्के मुलींसाठी. पदवीचे मार्क बघतात, वय तिशीच्या आत लागतं आणि प्रवेश नियमित वर्गात असावा लागतो.

माझ्या लेकीला ही मिळाली असती का? कुणास ठाऊक. कारण आम्हाला ती कळली तेव्हा अर्जाची मुदत संपून गेली होती! त्या वेळी आम्ही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एका ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होतो. आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही. त्या दाखल्याच्या नादात बाकी काही बघायचं राहूनच गेलं. मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला गेली की उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र आणि आधारला जोडलेलं तिच्या नावाचं बँक खातं, एवढं सगळं एका पिशवीत घालून ठेवा. मी ठेवलं नव्हतं. त्याची किंमत दोन वर्षांत तीन लाखांपर्यंत गेली असेल. तो आकडा मी रात्री झोपताना अजून मोजते.

आणि एक गंमत. २०२४च्या जुलैत पेपरात आलं की, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना उच्च शिक्षण मोफत. मी पेढे आणायचीच बाकी होते. लेकीने फोनवर सांगितलं, "आई, नीट वाच. ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल. साधं एम. ए. त्यात येत नाही." पेढे राहिले.

पण मी पुढे गेले. गोष्ट २०२३च्या जूनची चाललीये. आकडे जुळत नव्हते आणि प्रवेशाची तारीख जवळ आली होती. एका संध्याकाळी मी ओट्यावर वही घेऊन बसले होते. सासूबाई वाती वळत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर वाईचंच, गंगापुरीतलं. म्हणाल्या, "काय गं, सारखं काय लिहितीस?"

मी सांगितलं. खोली, मेस, सगळं.

त्या म्हणाल्या, "मेस म्हंजे खानावळ ना? मग वार लाव की तिचे."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी जांभळीकडून एक मुलगा शाळेसाठी वाईत राहायला आला होता. घरचं काही नाही. तो दर सोमवारी ह्यांच्याकडे जेवायला यायचा. मंगळवारी दुसऱ्या घरी, बुधवारी तिसऱ्या. सात घरं, सात वार. "माझी आई सोमवारी भाकरी जरा जादाच थापायची. पोरगं मॅट्रिक झालं, तलाठी झालं. पहिल्या पगाराला आईला लुगडं घेऊन आलं."

खरंच की! आपल्या वाईत शिकणाऱ्याला पोसायची रीत काय आजची आहे? नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्राज्ञपाठशाळेत कुठून कुठून मुलं यायची. धुळ्याकडच्या पिंपळनेरहून लक्ष्मणशास्त्री जोशी अशाच लहान वयात इथे आले, तर्कतीर्थ झाले आणि पुढे मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं केलं. गावोगाव शिकणारी मुलं माधुकरी मागून, वार लावून जेवायची. त्याला कुणी भीक म्हणत नसे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेही सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. हुशार माणूस शिकतो तेव्हा कुणीतरी त्याची भाकरी उचललेली असते.

मी सासूबाईंना विचारलं, "तुमच्या घरी वाराला कधी मुलगी आली होती का हो?"

त्यांनी वात वळता वळता माझ्याकडे बघितलं. "मुलगी? मुलगी कशी येईल? मलाच चौथीतनं काढली."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "सोमवार मी धरते."

हिशेब सोपा होता. मेस महिन्याला तीन हजार, म्हणजे दिवसाला शंभर. एक वार धरला की महिन्यात चार किंवा पाच दिवस येतात. म्हणजे चारशे-पाचशे रुपये. तीन हजार म्हटलं की नातेवाईक दचकतात. चारशे म्हटलं की विचार करतात. पिग्मीचंही हेच तर तत्त्व आहे! कर्व्यांच्या संस्थेचा भाऊबीज फंड असाच दारोदार फिरून, थोडा थोडा करून उभा राहिला.

सासूबाई वाती आणि गोधड्या करून विकतात, त्यातले त्यांचे सोमवारचे. मंगळवार माझ्या आईने घेतला. बुधवार कराडच्या नणंदेने, गुरुवार माझ्या मावशीने, शुक्रवार आमच्या भिशीतल्या दोघींनी निम्मा निम्मा. रविवार माझा. शनिवारसाठी मी एका जवळच्या नातेवाइकांकडे गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लग्न काढा, अकरा हजारांचा आहेर करतो. पण शिकायला? आम्ही काय अन्नछत्र उघडलंय?"

मी वाईट वाटून घेतलं नाही असं म्हणणं खोटं होईल. परतताना कृष्णेच्या पुलावर जरा थांबले. मुलीच्या लग्नात मांडवभर माणसं पाकिटं घेऊन उभी राहतात आणि कुणाला त्यात हात पसरणं वाटत नाही. तीच मुलगी शिकायला निघाली की मात्र आपण मान खाली घालतो!

घरी आले तर जाऊबाई दारातच होत्या. त्या आता बऱ्याच सावरल्यात. गोळ्या चालू आहेत, पिको-फॉलचं मशीन घेतलंय. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाल्या, "शनिवार माझा. आणि तो आधी मलाच का नाही विचारलास?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे त्यांना विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. आजारी माणूस घेणारं असतं, देणारं नसतं, असं मी धरूनच चालले होते.

असे सात वार भरले. डिपॉझिट आणि लॅपटॉपसाठी माझ्या पाटल्या सोनेतारण ठेवल्या. ठेवताना कर्मवीरअण्णांच्या लक्ष्मीबाई आठवल्या. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्या माउलीने एकेक करून दागिने काढून दिले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. माझ्या तर नुसत्या पाटल्या! आणि त्या मी सोडवून आणल्या, बरं का. सव्वा वर्ष लागलं.

कर्मवीर आणखी एका रूपात भेटले. पुण्याच्या विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे, तिला कर्मवीर भाऊराव पाटलांचंच नाव आहे. रोज थोडे तास काम करायचं, तासावर पैसे मिळतात. लेकीने दुसऱ्या सत्रापासून ते काम धरलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ह्यांना ते आवडलं नाही. "माझी पोर झाडांना पाणी घालायला गेलीय का पुण्याला?" मी म्हटलं, "अहो, तुम्ही रोज लोकांची ज्वारी दळता, त्यात कमीपणा आहे का?" मग गप्प बसले. तिचा बसचा आणि झेरॉक्सचा खर्च त्यातून सुटला.

माझ्या मामेबहिणीची मुलगी अमेरिकेत असते. तिला मी हे सांगितलं तर ती हसली. "मावशी, इथेही तेच आहे गं." तिकडे मानसशास्त्रात पीएच. डी. करणाऱ्या बऱ्याच मुलांची फी विद्यापीठ माफ करतं, वर दर महिन्याला पैसे देतं. त्या बदल्यात त्यांनी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं, नाहीतर प्राध्यापकांना संशोधनात मदत करायची. पण नुसतं एम. ए. करायचं किंवा 'साय. डी.' नावाची उपचाराची पदवी घ्यायची तर खर्च बहुतेक स्वतःचा, नाहीतर कर्ज. म्हणून तिकडे जायचं स्वप्न बघणाऱ्यांनी फक्त विद्यापीठाचं नाव बघू नये. "पैसे कोण देणार?" हे पहिल्याच पत्रात विचारावं. विचारण्यात लाज कसली? तिथे सगळेच विचारतात.

आता एम. ए.नंतरचं सांगते, कारण इथे फार आयांची फसगत होते. मलाही वाटायचं की, एम. ए. झाली म्हणजे ती साताऱ्यात पाटी लावून बसेल. तसं नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारात शिकलेले डॉक्टर, ते औषध देतात. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. आजवर त्यासाठी दोन वर्षांचं एम. फिल. असायचं. नव्या शैक्षणिक धोरणात एम. फिल. बंद झालं, या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. आता आरसीआयने नवे अभ्यासक्रम आणलेत. कुणी एखादी संस्था "आमच्याकडे या" म्हणाली तर आधी तिला आरसीआयची मान्यता आहे का ते बघा, मग पैसे भरा. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या सरकारी संस्थेत शिकताना विद्यावेतन मिळतं, पण जागा मोजक्या आणि परीक्षा अवघड. खासगी ठिकाणी उलट आपणच लाखांत मोजायचे.

पीएच. डी.च्या वाटेवर मात्र पैसा बरा आहे. नेट परीक्षेत वरचे मार्क पडले की जेआरएफ मिळते. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये झाली, दोन वर्षांनंतर ४२,०००. तिला वयाची अट आहे तीस वर्षांची, पण बायकांना पाच वर्षांची सूट. म्हणजे पस्तीसपर्यंत! लग्न, बाळंतपण होऊनही बसता येतं. प्राध्यापकीच्या नेटला तर वयाची अटच नाही. शिवाय अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी मुलामुलींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती या संस्थांच्या पीएच. डी.साठी अधिछात्रवृत्त्या आहेत. आणि आई-वडिलांना एकुलती एक मुलगी असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची खास अधिछात्रवृत्ती आहे. तिला नाव कुणाचं, तर सावित्रीबाईंचं. त्यांचं नायगाव इथेच खंडाळा तालुक्यात. आपल्या शेजारच्या लेकीच्या नावाने दिल्लीहून पैसे येतात आणि आपल्याला ठाऊकच नसतं!

एक गोष्ट मात्र खुपते. आमच्या भिशीतल्या एका शिक्षिकेने इग्नूतून, घरी राहून, मानसशास्त्रात एम. ए. केलं. त्रेचाळिसाव्या वर्षी. रात्री भांडी आवरली की वाचायला बसायची. आज तिच्या शाळेतली मुलं तिच्याजवळ येऊन रडतात, मोकळी होतात. तिचं बघून दुसरीने ठरवलं होतं, मुलाची दहावी झाली की मीपण करणार. दहावी झाली २०२५च्या मार्चमध्ये. आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रासारखे आरोग्याशी जोडलेले विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली. नवे प्रवेश बंद.

माझी लेक म्हणते, "आई, त्यात तथ्य आहे. माणसाच्या मनाशी खेळायचं तर समोर बसून, कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकायला हवं." पटतं मला. जाऊबाईंच्या समोर नुसती पुस्तकं वाचलेली बाई बसलेली मला चालली नसती. पण जिला घर सोडून पुण्याला राहता येत नाही तिचं काय? तिच्यासाठी जवळ सातारा-वाईला वर्ग निघायला हवेत, संध्याकाळचे, शनिवार-रविवारचे. एक दार बंद करताना दुसरं उघडलं नाही तर बाई परत स्वयंपाकघरातच जाते. भिशीतली ती मैत्रीण परवा म्हणाली, "जाऊ दे गं, माझं वयच झालं." तिचं वय अडतीस!

आणि या शिकलेल्या माणसांची गरज काय थोडी आहे? निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. शंभरातल्या साधारण साडेदहा मोठ्या माणसांना त्या घडीला मनाचा काही ना काही आजार होता. आणि आजार कुठला त्याप्रमाणे, शंभरातले सत्तर ते ब्याण्णव जण उपचाराविना होते. माझ्या पिग्मीच्या रोजच्या वाटेवर शंभरेक दुकानं आहेत. पाहणी वाचल्यापासून मी दुकानं मोजत नाही, ती दहा-अकरा माणसं शोधते. सापडतात हो. पावती निघेपर्यंत त्यांचे डोळे बघितले की सापडतात. सरकारची १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन आहे, २०२२ पासून. तो नंबर मी आता पावतीच्या मागे लिहून देते. फोनवर बोलायला पैसे पडत नाहीत, हे आवर्जून सांगते.

लेकीचं एम. ए. २०२५ साली झालं. नेटमध्ये प्राध्यापकीपुरते मार्क मिळाले, जेआरएफ थोडक्यात हुकली. फोन आला तेव्हा रडत होती. सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "सोमवार चालू ठेवू का गं?" रडता रडता हसली पोर. पुन्हा बसणार आहे. तोवर इकडच्याच एका शाळेत समुपदेशक म्हणून लागलीये. पगार फार नाही. पण सुट्टीच्या दिवशी घरी येते तेव्हा आमच्या ओट्यावर बायका तिच्याशी बोलायला येतात. गरज वाटली तर ती त्यांना डॉक्टरांकडे पाठवते. "मी अजून पूर्ण शिकलेली नाही," असं प्रत्येकीला आधी सांगते. जाऊबाई त्या वेळी आतून चहा पाठवतात.

पहिल्या पगाराला तिने आजीला लुगडं आणलं. तिला तलाठ्याची गोष्ट कुणी सांगितली होती की तिचं तिलाच सुचलं, मी विचारलं नाही. जाऊबाईंना मात्र काही आणलं नव्हतं. त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "काकू, तुमचे शनिवार मला परत करायचेत." जाऊबाई म्हणाल्या, "मला नको. दुसऱ्या कुणाला तरी दे."

घाटावर माझी एक फुलवाली खातेदार आहे. रोजचे तीस रुपये. तिची मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिलाही मानसशास्त्रच घ्यायचंय. येत्या जूनमध्ये पुण्याला जायचं म्हणतेय. कागदांची पिशवी मी तिच्याकडून आत्ताच भरून घेतलीये, दाखल्यासकट. राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या तारखेवर या वेळी डोळ्यात तेल घालून लक्ष आहे. आणि पिग्मीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुन्हा सात ओळी आखल्यात. सोमवार सासूबाईंचा. मंगळवार जाऊबाईंचा. बुधवार माझ्या लेकीचा. गुरुवार भिशीतल्या त्या अडतीस वर्षांच्या मैत्रिणीने आपणहून मागून घेतला. शुक्रवार भुसारवाल्या काकांनी घेतला. पैसा कुठनं आणला म्हणून विचारत होते ना, मग उत्तर ऐकून घ्यावं लागलं! रविवार माझा.

शनिवार अजून रिकामा आहे.